सासऱ्यांची आई

औशाच्या आमच्या हौशी नाटक मंडळात बाईचं काम करायला दरवर्षी सोलापूरहून एक नटी यायची. त्या दुष्काळी साली तिनं कळवलं, की मागच्या खेपेला तोंडाचा रंग धुवायला तांब्याभर पाणी मिळालं होतं, यंदा तुमचं तुम्ही बघा. बाई खोटं बोलत नव्हती.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावात जो तो नव्या कचेऱ्यांच्या गप्पा मारायचा आणि आमच्या आडतीच्या गोदामात तुरीचं एक पोतं नव्हतं. त्याच रिकाम्या गोदामात तालमी चालायच्या. एक शिंपी नाटक बसवायचा. मुख्य काम माझ्या सासऱ्यांचं. दिवसभर काट्यापाशी गप्प बसणारा हा माणूस तालमीला उभा राहिला की अंगात वीज संचारायची. साठीला आले होते, पण घर सोडून गेलेल्या मुलाचं काम तेच करायचे आणि खरं सांगते, शोभायचे.

लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत डोक्यावरचा पदर सावरत, खाली बघून 'चहा ठेवलाय' यापलीकडं मी त्यांच्याशी बोलले नव्हते. चहा नेता-आणता नाटक मात्र पाठ झालं होतं. एके दिवशी ते चुलीपाशी आले आणि म्हणाले, "समदं तोंडपाठ हाय तुला. आईचं काम तू कर."

म्हणजे त्यांच्याच आईचं! मी सासूबाईंकडं बघितलं.

"करू दे," त्या म्हणाल्या. "पण चार लोकांत फजिती झाली, तर पुन्हा तालमीकडं फिरकायचं न्हाई."

झालं! मला तर नाटकाचं वेडच लागलं होतं. पण एक वाक्य जिभेवर येईना. मुलगा परत येतो, पाया पडतो आणि आई म्हणते, 'ऊठ रे.' माझ्या तोंडून दरवेळी 'उठा' निघायचं आणि हात पदराकडं जायचा.

शिंपी कपाळ बडवून घ्यायचा. "अवो ताई, पोरगा हाय तुमचा, मामलेदार न्हाई!"

सासरे एकदाही चिडले नाहीत. गुडघे कुरकुरायचे, तरी तेवढ्याच मनापासून पुन्हा वाकायचे. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

प्रयोगाला शाळेच्या मैदानात सगळा गाव लोटला. तो प्रसंग आला. त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझ्या तोंडून निघालंच, "उठा."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हसू मागं मागं पसरत गेलं. संपलं सगळं, असं वाटलं.

त्यांनी डोकं उचललं नाही. तसेच, माझ्या पायांशी बोलावं तसं म्हणाले, "अवो-जावो करायलीस, आई? एवढा परका हाय का गं मी?"

हसू जागच्या जागी थांबलं. रागावलेली आई लेकराला अशीच 'या साहेब, बसा' म्हणते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? माझी चूक त्यांनी आईचा रुसवा करून टाकली होती. मला रडू फुटलं, तेही खरंखुरं. मी वाकले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ रे." बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले.

पडदा पडल्यावर ते आरशासमोर मिशीचं काजळ पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले, "मामा, ते वाक्य नाटकात नव्हतं."

"न्हवतं," ते म्हणाले. "दोन वर्सं मनात व्हतं."