लेकीच्या हातची वाइन

चष्म्याच्या दुकानाचे काका आणि त्यांची लेक, दोघांनी शहरातल्या एका छोट्या वायनरीत स्वतःपुरतं एक पिंप घेतलं होतं. द्राक्षं लेकीने निवडली, तिनेच चुरडली. वाइन मुरायच्या आत ती आजारपणात गेली.

लाकडी पिंप आतली वाइन हळूहळू पीत राहतं. रिकाम्या जागेत हवा साचू नये म्हणून दुसरी वाइन घालून ते काठोकाठ ठेवावं लागतं. काका मात्र वायनरीतल्या कामगाराला हात लावू देईनात.

"अहो काका, बाटलीभर घातली तर काय बिघडेल?"

"ही तिच्या हातची आहे. भेसळ नको."

"उद्या आंबली तर माझ्याच नावाने बोटं मोडाल."

"नाही मोडणार."

आज पिंप उघडलं आणि आंबट भपका आला. काकांनी तरीही घोटभर घेतली, तोंड वाकडं न करता गिळली.

"आता काहीच करता येणार नाही?"

"नाही हो. पार व्हिनेगर झालंय."

आपणच जपून जपून ती घालवली, हे काकांना कळलं. कामगार पिंप मोरीकडे कलंडवू लागला, तसे काका पुढे आले.

"तुम्ही राहू द्या, जड आहे."

काकांनी दुसऱ्या बाजूने हात लावला.