पहिल्या पंगतीचा वाढपी

मित्रांनो, तुमच्या बोर्डिंगात नव्या मुलाने जुन्यांची अंथरुणं झाडायची, ही रीत कोणी घातली, हे तुम्ही कधी विचारलंत? नसणारच विचारलं. मीही विचारलं नव्हतं. आमच्यात विचारणारा एकच होता. तो हाताचा तळवा समोरच्यापुढे पसरायचा, जणू उत्तर त्यावरच ठेवायचं आहे, आणि म्हणायचा, "कुटं लिवलंय?"

सोलापूरचं आमचं बोर्डिंग सर्व जातींच्या मुलांसाठी होतं. निदान दारावरच्या पाटीवर तसं होतं. हा विचारणारा करमाळ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, फुकट जेवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी. आम्ही त्याला वकीलसाहेब म्हणत असू.

एकदा सुपरिंटेंडेंट म्हणाले, रविवारी सात रस्त्याच्या चौकात फिरायला जायचं नाही. याने तळवा पसरला. "कुटं लिवलंय, सर?" त्यांनी संध्याकाळच्या आत नियम लिहून भिंतीला डकवला. आम्ही त्याच्यावर भडकलो.

तो म्हणाला, "चिडताय कशापायी? आता निदान वाचता येतंय की. वाचता येतंय ते खोडता बी येतंय."

आमच्याकडे जूनमधल्या पहिल्या पंगतीला नव्या मुलांनी वाढायचं आणि जुन्यांनी टोमणे मारत जेवायचं, अशी रीत होती. त्याच्या पहिल्या वर्षी कोणीतरी ओरडलं होतं, "आमटीला मेंढराचा वास येतोय रे!" सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून दर जूनला तो भांडायचा, की हे बंद करा. दर जूनला त्याला उत्तर मिळायचं, "आम्ही वाढलं, आता ते वाढतील. रीत आहे."

मग सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठल्यानंतरचा जून आला. पाच नवी मुलं आली. त्यातला एक, ज्यांना आपण अस्पृश्य म्हणतो त्यांच्यातला. व्यवस्थापकांनी बराच वाद घालून त्याला घेतलं होतं.

पानं मांडली गेली तेव्हा आमचा मॉनिटर हसत पुढे आला. "या वर्षीपासून आचारीच वाढणार. घे वकीलसाहेब, शेवटी तुझ्याच मनासारखं झालं."

त्याने नव्या मुलांकडे बघितलं. चौघे सुटल्यासारखे हसत होते. पाचवा खाली बघत होता. आचारी कोणामुळे वाढणार, हे त्याला कळलं होतं.

"बंद करायचं तर फुडल्या वर्सी करू," तो म्हणाला. "माज्या हातची वास मारणारी आमटी भुरकून खाल्लीत. आज ह्याच्या हातची भाकरी खावा."

"उगाच वाढवू नकोस," मॉनिटर म्हणाला. "तुझंही मॅट्रिकचं वर्ष आहे."

त्याने भाकरीची टोपली उचलून त्या मुलाच्या हातात दिली. मुलगा टोपली परत पुढे करत म्हणाला, "दादा, नको. मी बाहेर बसतो."

"बाहेर कुणी बी बसणार न्हाय. वाढ."

मुलाने पहिल्या पानाशी टोपली नेली, आणि पंगत उठली. मार्शल लॉच्या दिवसांत डोक्यावरची गांधी टोपी काढायला नकार देऊन छड्या खाल्लेली मुलं होती ती. एकेक जण धोतर सावरत, अंग चोरत त्या मुलाला टाळून गेला.

मी उठलो नाही. माझ्या खिशात समतेचं पत्रक होतं. मुलगा माझ्यापुढे आला तेव्हा मी रिकाम्या पानावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "पुरे."

रांगेच्या टोकाला वकीलसाहेब एकटा सावकाश जेवला. तीन भाकरी खाल्ल्या, प्रत्येक मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंटांनी त्याला बोलावलं. लेखी माफी दे, नाहीतर बोर्डिंग सोड. त्याने लगेच लिहून दिलं : "मी बोर्डिंगची रीत पाळली, याबद्दल क्षमा असावी."

"चेष्टा करतोस?"

"न्हाय सर. तुमी लिवा म्हणलात, लिवलं."

दुपारी त्याने घोंगडं गुंडाळलं. मी फाटकापर्यंत गेलो. तिथे तोच थांबला.

"काल भूक न्हवती व्हय रं तुला?"

"होती," मी म्हणालो.

"मग जा, जेवून घे," तो म्हणाला. "उपाशी पत्रकं वाचत बसू नगंस." त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्याची मॅट्रिक राहिली ती राहिलीच. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला असं ऐकतो. मी अजून त्याला भेटायला गेलेलो नाही. तो मुलगा टिकला. वर्षभर दाराशी, वेगळ्या पाटावर जेवला. पुढच्या जूनला नव्यांनी वाढायची रीत कायमची बंद झाली आणि वार्षिक अहवालात ती सुधारणा म्हणून छापून आली. कोणापायी बंद केली, त्याबद्दल त्यात अक्षर नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण या जूनमध्ये कॉलेजच्या वसतिगृहात राहायला जातील. तिथे रीत असेल किंवा नसेल. पहिल्या दिवशी जेवायला बसाल तेव्हा दाराशी कोणाला बसवलंय ते बघा. आपलं ताट उचलून त्याच्याशेजारी जा, त्याच्याकडे भाकरी मागा, आणि सगळ्यांना दिसेल अशी खा.