डोळे मिटून नमस्कार

शनिवार पेठेतल्या एका दवाखान्यात पायांच्या उपचारांचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी मला एकदाच भेटली. मधुमेह आहे, तेव्हा पाय तपासून घ्यावेत, असा सुनेचा आग्रह होता; माझी स्वतःची पायांविषयी काहीही तक्रार नव्हती.

ती माझ्या पायांपाशी वाकली आणि मी सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "यशस्वी हो."

"थँक्यू आजोबा, पण मी तुमचा मोजा काढतेय."

मग तिने मला डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा तंतू पावलाला टेकला की मी 'हो' म्हणायचे होते. बराच वेळ वाट पाहून मी म्हणालो, "अहो, सुरू करा."

"उजवा पाय झालासुद्धा," ती म्हणाली. अंगठ्याखाली मला ठाऊक नसलेली एक जखमही तिला सापडली. "वेळेवर आलात. अंगठा वाचेल."

उपकृत होण्याची मला सवय नाही. मी विचारले, "हृदय, मेंदू सोडून पायच का निवडलेत? मार्क कमी पडले?"

जखम पुसता पुसता ती म्हणाली, "आम्ही सगळे रोज सकाळी आजोबांच्या पाया पडायचो. अगदी भक्तिभावाने, डोळे मिटून. पाय कापायची वेळ आली, तेव्हा कुठे तो आम्ही नीट पाहिला."

डाव्या पायाचा मोजा मी स्वतःच काढला.

पाडव्याला नातवंडे रांगेने नमस्काराला आली. मी मोजे काढून पाय पुढे केले आणि म्हणालो, "डोळे उघडे ठेवून करा. आशीर्वाद त्यानंतर मिळेल."