तापवलेला मध

माझ्या नवऱ्याची किमो चालू होती तेव्हा कळवणच्या नणंदेने मधाची मोठी बरणी पाठवली. पेठच्या डोंगरातला अस्सल मध, भावाची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. नाशिकच्या थंडीत तो साखरेसारखा घट्ट बसला. मग सासूबाई रोज सकाळी बरणी उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि पातळ झाला की लेकाला चमचाभर चाटवायच्या.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तापवल्याने मधातली एन्झाइम्स निकामी होतात, एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं, रंग काळपट होतो. पण चमचाभराने कोणी मरत नाही. आणि किमोने पार खाली नेलेल्या पांढऱ्या पेशी कच्च्या मधानेही वर येत नाहीत. आईला काहीतरी करायला हवं असतं, म्हणून मी मध्ये पडले नाही.

तो जंतुसंसर्गाने गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पण आमच्या घराला तेवढं पुरेना.

दहावा उरकून घरी आलो तर नणंदेला ओट्यावर बरणी दिसली.

"हा काळा कसा झाला? तापवला का गं वहिनी? तापवलेला मध म्हंजी इख असतं! कॉलेजात शिकवती न् माझ्या भावाला इख चाटवलं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी हजारदा सांगितलं हिला, तापवू नको म्हणून."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. खरं सांगितलं असतं, तर पोटचा पोर गेलेल्या बाईवर ढकलते म्हणाले असते. तेव्हापासून भाऊबंदांत मी नवऱ्याला विष चाटवणारी.

आता फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. सासूबाई सुकून गेल्यात, धड जेवत नाहीत. परवा चहा घेताना हळूच म्हणाल्या, "तुमच्या शास्त्रात काय आहे गं? मध तापवला तर... तसं काही होत नाही ना?"

एका शब्दाचं काम होतं. मला त्यांची दया आली, आणि दयेपेक्षा राग जास्त आला.

"होतं ना, आई," मी म्हणाले. "विषच होतं."

त्यांच्या हातातला कप मी काढून घेतला, नाहीतर चहा सांडला असता.