पुढे काय न्हाय, मीच हाय

वाचनालयात शिरण्याआधी ती दाराबाहेरच्या चपला उलट्या करून पाहायची. आपल्याकडे उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे तुम्हांला सांगायला नको. एका सकाळी बाहेर आठ-नऊ चपला पालथ्या पडलेल्या दिसल्या आणि आमचे जुने सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, तणतणतच आत आले.

"हा वाह्यातपणा कोणाचा?"

ती खिडकीपाशी बसली होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, "काका, भांडन लागनार न्हाय. पन तुमची चप्पल एकाच बाजूनं झिजलीय. उजवा गुडघा दुखतो ना तुमचा? जिना उतरताना?"

काका वर्तमानपत्र घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आपली चप्पल उलटी करून ठेवली.

मी भाईंदर पश्चिमेला एक छोटं वाचनालय सांभाळतो. ती समुद्रकाठच्या उत्तनची. नवरा बोटीवर, सकाळी मासळी विकायला ती भाईंदरच्या बाजारात. पाटी रिकामी झाली की हातपाय धुऊन अकराला माझ्याकडे यायची आणि एकला कॉलेजला जायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "वास येतो का मास्तर?"

मी म्हणालो, "येतो."

"मग खिडकी माझी," म्हणाली आणि ती खिडकी तीन वर्षं तिचीच राहिली.

चाळिशी ओलांडल्यावर ती पदवीला बसली होती. विषय होता क्रीडा आणि माणसाच्या शरीराची हालचाल. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची. लग्नानंतर गावातल्या मुलींना वाळूवर शिकवत राहिली. जवळच्या शाळेने तिला सांगितलं होतं, पदवी आणा, मग मुलींच्या खेळाची शिट्टी तुमच्या हातात. त्या शिट्टीसाठी हे सगळं चाललं होतं. वर्गातली मुलं तिच्या लेकाच्या वयाची होती. आधी ती आंटी झाली, मग मावशी. सहा महिन्यांत मुलं तिच्याच वहीवरून अभ्यास करायला लागली.

ती वही बघण्यासारखी होती. पुस्तकं इंग्रजीत. एकेका स्नायूचं नाव मी तिला देवनागरीत लिहून द्यायचो आणि ती त्यापुढे माणूस लिहायची. खांद्याच्या एका स्नायूपुढे लिहिलं होतं, 'जाळं ओढणारा दीर'. मानेपासून पाठीपर्यंत उतरणाऱ्या मोठ्या स्नायूपुढे, 'सासूबाई, पाटी'. पोटरीपुढे, 'मास्तर, कधी चालत न्हाईत'.

"हे खोडा," मी म्हणालो.

"चाला, मग खोडते."

मी रोज स्टेशनपासून चालत यायला लागलो. तिने ते खोडलं नाही. शेजारी फक्त 'सुधारतायत' असं लिहिलं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. तिने विषय घेतला होता मासळी विकणाऱ्या बायकांच्या चालीचा. डोक्यावर पाटी असताना बाई कशी चालते आणि पाटी नसताना कशी, हे फोनवर चित्रित करून पावलं मोजायची. तिने गावातल्या अकरा बायका तयार केल्या. चूक एवढीच झाली की तिने त्यांना सांगितलं, "उद्या तुमचा व्हिडिओ काढनार हाय."

दुसऱ्या दिवशी अकराही जणी लग्नाला निघाल्यासारख्या आल्या. अंगावर ठेवणीतल्या साड्या, डोक्यात गजरे, गळ्यात असेल नसेल ते सोनं. पायांत नवे, टाचांचे सँडल. डोक्यावरच्या पाट्यासुद्धा घासूनपुसून आणलेल्या. सासूबाईंनी विचारलं, "टीवीवर कधी दाखवनार?" आणि सगळ्या कॅमेऱ्याकडे बघत, हसत, ठुमकत चालल्या.

कॉलेजातल्या मॅडमनी ते चित्रण पाहिलं. "ताई, ही चाल नाही, ही वरात आहे. गुडघा दिसत नाही, घोटा दिसत नाही. पुन्हा करा." प्रकल्पाची वही द्यायला आठ दिवस उरले होते. प्रकल्प गेला तर वर्ष जाणार आणि वर्ष गेलं तर शाळा दुसऱ्या कोणाला घेणार होती.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीत बसली आणि तिने वही उघडली नाही. गावात कोणी ऐकत नव्हतं. जुन्या साडीत या म्हटलं तर बायका उखडल्या होत्या. "आमची फाटकी लुगडी कालेजात दाखवनार? तुला डिगरी पाहिजे म्हनून आमची इज्जत घालवतेस?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "मॅडमना एक पत्र लिहू. अडचण समजावून सांगू."

ती हसली. "मास्तर, तुमचं सगळं पत्रातच भागतं. बाया पत्र वाचत न्हाईत." मग खिडकीतून खाली रस्त्याकडे बघायला लागली. खाली माणसं ये-जा करत होती आणि ती नेहमीसारखी पायच बघत होती. अचानक म्हणाली, "मला तोंड पाहिजेच कशाला?"

तिने गावात जाऊन सांगितलं, कॅमेरा कंबरेच्या वर जाणार नाही. कोण चालतंय ते देवालासुद्धा कळणार नाही. यावर सासूबाई म्हणाल्या, "मग पायांना कसली आलीय लाज? पयले माझे काढ." सासूबाई जुनं लुगडं नेसून अनवाणी निघाल्या आणि त्यांच्या मागून दहाही जणी आल्या. बोंबील वाळत घालायच्या बांबूला तिने फोन अगदी खाली, वाळूपासून हातभर उंचीवर बांधला.

ते चित्रण तिने वाचनालयाच्या संगणकावर आणून ठेवलं. चार दिवस आम्ही दोघं समोर बसून पावलं मोजत होतो. ती मोजायची, मी लिहायचो. भरलेली पाटी डोक्यावर असताना बायका सरळ, एका लयीत चालायच्या. पाटी उतरली की कोणी लंगडायची, कोणी गुडघा ताठ ठेवायची.

"ओझं उतरल्यावर दुखतं, मास्तर," ती म्हणाली. "डोक्यावर असताना दुखायला टाइम कुठं हाय?"

हे वाक्य मी तिला प्रकल्पात शेवटी लिहायला लावलं.

चालणारी बाई चौकटीच्या बाहेर गेली की फोन बंद करायला ती स्वतः यायची. त्यामुळे प्रत्येक चित्रणाच्या शेवटी तिचे पाय दिसायला लागत. तेवढ्यात शेजारी बसलेली ती म्हणायची, "बंद करा. पुढे काय न्हाय, मीच हाय." आणि मी बंद करायचो. अकरा बायकांची प्रत्येकी दोन चित्रणं. बावीस वेळा मी बंद केलं.

प्रकल्प मंजूर झाला. परीक्षेच्या दिवसांत ती बसच्या पायरीवरून पडली. मग बाजारात डोक्यावरची पाटी पडली, जी वीस वर्षांत कधी पडली नव्हती. डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचं सांगितलं. उरलेले दोन पेपर तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून वर्गात जात दिले.

निकाल आला तेव्हा ती इस्पितळात होती. मी पेढे घेऊन गेलो. पेढा तिने उशाशी ठेवला. म्हणाली, "उजवा पाय ऐकत न्हाय मास्तर. डॉक्टर विचारतात, कधीपासून? मला सांगताच येईना. अख्ख्या भाईंदरचं सांगितलं असतं." आणि ती हसली. मीही हसलो, कारण ती हसत होती. शाळा उघडायला तेव्हा तीन आठवडे होते. शाळा उघडली त्या दिवशी ती नव्हती.

परवा एका विद्यार्थ्यासाठी संगणकावर जागा करत होतो. तिची चित्रणं सापडली. पहिलंच उघडलं. सासूबाईंचे अनवाणी पाय वाळूवरून गेले, चौकट रिकामी झाली. बंद करायला माझा हात सवयीने पुढे गेला, आणि थांबला.

पलीकडून तिचे पाय आले. डावं पाऊल स्वच्छ उचललेलं. उजव्याचा अंगठा मात्र वाळूला घासत येत होता. प्रत्येक पावलामागे वाळूवर एक बारीक रेघ उठत होती. मी दुसरं चित्रण उघडलं, तिसरं उघडलं. बावीसही पाहिली. सगळ्यांत ती रेघ होती. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर होतं आणि आम्ही दोघं चार दिवस त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांची पावलं मोजत होतो. वेळेवर कळलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मला ठाऊक नाही. विचारायला माणूस उरलेलं नाही.

आता मी दाराबाहेरच्या चपला पाहतो. उलट्या करण्याचं धाडस होत नाही, नुसत्या पाहतो. तिच्या चपला ती नेहमी भिंतीशी जोडून, सरळ ठेवायची. त्या कोणी कधी उलट्या करून पाहिल्या नाहीत.

शेवटच्या चित्रणात ते पाय अगदी जवळ येतात. ती फोन सोडवायला खाली वाकते. अकरा बायकांच्या त्या सगळ्या पायांमध्ये एकच चेहरा आहे, तो क्षणभर पडदाभर होतो. कपाळावर घाम, ओठ मोजत असल्यासारखे हलतात. मग तिचं बोट पुढे येतं.