यांचं काळं अळू

आमच्या यांचं काळं अळू मी एकदा शिजवून यांनाच वाढलं.

आज यांना जाऊन तीन वर्षं झाली. बाकीचे यांच्या नोकरीबद्दल लिहितील. मी अळूबद्दल लिहिते.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आम्ही धुळ्याला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे कारकून. दौऱ्यावरून लोक केळी आणतात, हे अळूचे गड्डे आणायचे.

जांभळ्या देठाचं. पांढऱ्या शिरांचं. एकाच्या पानावर मधोमध टिकलीएवढा जांभळा ठिपका.
सगळी तेलाच्या डब्यांत, ओळीने, पुढच्या दारात.

सासूबाईंना हसू यायचं. अळू म्हणजे मोरीमागचं, सांडपाण्यावर वाढणारं, वडीपुरतं.

"आरे, मोरीमांगलं झाड शे हाई. दारमा कसाले ठेवस?"

"माय, त्यानी जागा मोरीमांगेच शे, आसं कोनी सांगं?"

आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेलो. सासूबाईंना यातलं कळायचं.

काळं अळू एकच होतं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावरच्या म्हातारीने दिलेलं. "खायाचं नाही भाऊ, पाहायाचं," असं तिने बजावलं होतं.
ते मला सांगायला हे विसरले.

पान असं काळं, की भर दुपारीही त्याच्यावर सावली पडल्यासारखी वाटे. मी पाणी घालताना थबकायचे.

मग जळगावला ट्रान्सफर झाली. मे महिना. उन्हाने पानं जळून गेलेली, डब्यात नुसती कोरडी माती. मला वाटलं, मेलं.
सामान बांधताना डबा उपडा केला, तर आत तीन चांगले गड्डे. टाकवेनात. सोलले, भरपूर चिंच घालून रस्सा केला.

दुसऱ्याच घासाला यांचा घसा खाजला.

"कुठले गड्डे हे?"

"त्या काळ्याच्या डब्यातले. मेलंच होतं ना ते?"

यांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"झोपलं होतं गं. उन्हाळ्यात झोपतं ते."

मग एकदम उठले. "सालं कुठे टाकलीस?"

उकिरड्यावर. हे आणि मी राख, चहाचा चोथा उपसायला लागलो. सासूबाईही पदर खोचून आल्या. सापडला तो त्यांनाच. गड्ड्याचा कापलेला शेंडा, बोराएवढा, कोंबाचा डोळा शाबूत असलेला.

"हाऊ दख. डोया शे याले."

तो शेंडा ओल्या रुमालात गुंडाळून हे ट्रकमध्ये मांडीवर घेऊन बसले. जळगावला पोचल्यावर आधी तो कुंडीत लावला, ऊन लागू नये म्हणून वर टोपली झाकली. स्टोव्हसुद्धा नंतर निघाला.

तीन आठवडे मी त्या टोपलीकडे बघू शकले नाही. कोणी मला एक शब्द बोललं नाही, तेच लागत होतं.
वाटायचं, हे उगवलं नाही, तर हा माणूस आपल्या आवडीचं काही मला पुन्हा दाखवणार नाही.

एका सकाळी यांनी हाक मारली.

"ये लवकर. फटीतून काहीतरी काळं दिसतंय. मी उचलली नाही. तू उचल."

मी टोपली उचलली.

एक पान. बोटभर. काळं. नुकतंच उलगडलेलं.
टोकाला पाण्याचा एक थेंब.

पावसाचा पत्ता नव्हता. त्या सकाळी कुणी पाणीही घातलं नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत तो थेंब पडला, आणि टोकाशी दुसरा जमू लागला.

"आतून येतंय," हे हळूच म्हणाले. माणूस झोपलेल्या लेकराजवळ बोलतो, तसं.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात जोडले.

मी चौथी शिकलेली. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले, त्यात झाडांचं एक होतं. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी पान टोकातून सोडतं, असं त्यात लिहिलेलं.
कारण कळलं. नवल तेवढंच राहिलं.

चूक माझी होती, आणि पहिलं पान पाहायचा मानही यांनी मलाच दिला.

अहो, एवढं मन तुम्ही कुठून आणलं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

तुम्हाला माझं वंदन.