खांदेकरी

सकाळी तुपाची वाटी घासत होतो. नळाचं पाणी गार होतं, त्यामुळे तूप निघेना. त्याचे पांढरे कण पाण्यावर नुसते तरंगत राहिले. बायकोला जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हापासून भांडी मीच घासतो. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर नीट सांगता येत नाही. हातांना गारवा लागतो, एवढंच.

मागे टेबलाशी माझी मुलगी मुक्ता बारावीचं जीवशास्त्र मोठ्याने पाठ करत होती. "चरबी रक्तात विरघळत नाही. तिला एकटीला पुढे जाता येत नाही. प्रथिनं तिला धरून नेतात, हवी तिथे पोचवतात." मग लक्षात राहावं म्हणून तिने स्वतःच जोडलं, "म्हणजे प्रथिनं चरबीचे खांदेकरी."

शब्द तोंडातून गेला आणि तिने पुस्तक मिटलं.

"चुकलं, बाबा."

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

तिच्या आईला नेणारे चौघे त्याच दुपारी परतले. मला मात्र लोक अजून नेतायत. शेजारच्या काकू डबा देतात, ऑफिसात कुणीतरी माझं काम उरकून टाकतं, मुक्ता शर्ट काढून ठेवते. मी कशातच मिसळत नाही, तरी संध्याकाळी घरी पोचलेला असतो.

मुक्ता उठली. तिने गॅसवर पाणी तापवलं आणि वाटीत ओतलं. तूप सुटलं.

"घाल आता हात," ती म्हणाली.

मी घातला. पाणी चांगलंच कढत होतं, हे मला जरा उशिराने कळलं.